'सेट' हा एक शब्द नाहीच

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या मुलांच्या पानावर परवा एक चौकट आली होती, इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ असलेला शब्द 'सेट', अर्थ ४३०, आणि खाली उदाहरणं सनसेट, डिनर सेट वगैरे. व्हॉट्सअ‍ॅपवर ही माहिती कायम फिरत असते तिकडे मी लक्ष देत नाही, पण पेपरातलं मुलं वहीत उतरवून घेतात म्हणून लिहितोय.

एक तर तो ४३० चा आकडा १९८९ चा आहे. ऑक्सफर्ड डिक्शनरीची २० खंडांची दुसरी आवृत्ती तेव्हा निघाली, तिच्यात 'सेट'ला एवढे अर्थ दिलेत, पण ते फक्त क्रियापदाचे बरं का, डिनर सेट त्यात धरलेलाच नाही. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी 'रन' हे क्रियापद हातात घेतलं, त्याच्यात त्यांचे ९ महिने गेले आणि अर्थ निघाले ६४५! म्हणजे पहिला नंबर कधीच गेलाय.

पण आकड्याचं जाऊ द्या, मला जास्त खटकलं ते सनसेट आणि डिनर सेट एका ओळीत बसवणं. हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, फक्त स्पेलिंग एक झालंय. सनसेटमधला सेट हा अस्सल जुना इंग्रजी, 'सिट' म्हणजे बसणे आणि त्याचं 'सेट' म्हणजे बसवणे, आपल्यासारखंच. एवढं कळलं की ४३० मधले निम्मे अर्थ डिक्शनरी न उघडता लागतात. सोनार अंगठीत खडा बसवतो, डॉक्टर हाड बसवतात, इंग्रज दोन्हीला सेटच म्हणतो. मी स्वतः बांधकामाच्या साइटवर आयुष्य काढलंय, तिथे रोज 'माल (म्हणजे कालवलेलं काँक्रीट) सेट झाला का' हेच ऐकायचो. साध्या पोर्टलँड सिमेंटचा इनिशियल सेटिंग टाइम, म्हणजे घट्ट व्हायला लागायचा वेळ, ३० मिनिटांच्या खाली चालत नाही आणि फायनल ६०० मिनिटांच्या वर जायला नको, लॅबमध्ये विकाटची सुई सोडून बघतात ती किती आत जाते ते. सेट झालं म्हणजे मजबूत झालं असं मात्र नाही हं, नुसतं जागेवर बसलं, ताकद बघायची तर २८ दिवस थांबा, आणि हे न कळल्यामुळे घाई करून स्लॅबखालच्या आधाराचं सेंट्रिंग काढणारे महाभाग मी पाहिलेत.

दुसरा सेट, म्हणजे डिनर सेट, दागिन्यांचा सेट, गणितातला सेट, हा फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन 'सेक्टा', म्हणजे कुणाच्या तरी मागे चालणारे लोक, अनुयायी. इंग्रजीतला 'सेक्ट' म्हणजे पंथ तोही तिथलाच. म्हणजे कपबशा आणि पंथ एकाच घरचे! नंतर इंग्रजीत हे दोन्ही सेट एकमेकांत इतके मिसळले की काही अर्थ नक्की कुणाचे ते सांगणं अवघड आहे, ते मान्य.

आता खरी गंमत ऐका. पहिल्या सेटच्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतात 'सद्', बसणे, त्यावरून आपलं सदन, सदस्य, संसद, उपनिषद. आणि दुसऱ्याच्या मुळाशी 'मागोमाग जाणे' असा धातू, तो संस्कृतात 'सच्', त्यावरून सचिव! एक सेट संसदेच्या नात्यातला, दुसरा सचिवांच्या. (गणिताच्या पुस्तकातला 'संच' मात्र यांच्यातला नाही, तो संचयाकडचा.) आता लगेच कुणी 'बघा इंग्रजी संस्कृतातून निघाली' असं फॉरवर्ड करू नका, दोन्ही भाषांची एक फार जुनी सामायिक आजी आहे, इतकंच, चुलत बहिणीला कुणी मुलगी म्हणत नाही.

आपल्याकडची प्राध्यापक होण्यासाठीची सेट परीक्षा तर या दोघांतही नाही, ती नुसती तीन आद्याक्षरं. आणि पोरगा पुण्यात सेट झाला, टेंडरमध्ये सेटिंग आहे, हे आपण आपले बसवलेले अर्थ, त्यातला शेवटचा कुठल्या मुळातून आला ते साइटवरच्या कुणालाही विचारा.

तेव्हा चौकटीची दुरुस्ती छापावी ही विनंती. आणि मुलांना अर्थच मोजायला द्यायचे असतील तर पुढच्या रविवारी आपलं 'लागणे' द्या की. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, रिझल्ट लागतो, डोळा लागतो, वेळ लागतो, फोन लागत नाही आणि दही लागतं. इंग्रज तिथेही सेटच म्हणतो.

आपला,
एक जुना वाचक, मिरज