लेकीस पत्र, ईस्टरनंतरच्या शनिवारी

सोलापूर,
शनिवार, रात्री

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर "पप्पा, नंतर बोलते" म्हणालीस, ते नंतर काही आलंच नाही. आईने काल दोनदा लावला. हॉस्पिटलात नाइट करून झोपली असेल, म्हणून मी तिला गप्प केलं. नोटिशीच्या महिन्यातसुद्धा तुला सलग नाइट लावतात हे तिला अजून सांगितलेलं नाही. तिची शुगर आधीच वर आहे. म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू पहिल्याच वाक्याला "मी ठीक आहे" म्हणतेस आणि पुढे मला काही बोलता येत नाही.

ईस्टरच्या उपासनेत प्रभुभोजनाचा, भाकर-द्राक्षारसाचा, ट्रे तुझ्यापर्यंत आला, तो तू तसाच मोठ्या आत्याकडे सरकवलास. मी पाहिलं. आईनेही पाहिलं. नंतर स्वयंपाकघरात तुमचं दोघींचं जे झालं त्यात मी पडलो नाही, कारण दोघींचा आवाज चढलेला होता. पण तू जे म्हणालीस ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय: "ज्या बाईने मला खोटं लिहायला सांगितलं तिला मी क्षमा केलेली नाही. देवावरही राग आहे. असा हात पुढे करायला मला जमणार नाही." आई रडली ती लोकांच्या नजरेमुळे. थोडी तुझ्यासाठीही रडली. ती स्टेशनवर आली नाही हे मनात धरू नकोस, गुडघे फार दुखत होते. शेंगाचटणीचा डबा मात्र पहाटे चारला उठून तिनेच भरला.

मला तुझी लाज वाटली नाही. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. बारशाला, लग्नाला, आजारपणात एकमेकांच्या घरी जाणारी आपली मंडळी. त्यांच्यासमोर ट्रे पुढे सरकवायला धैर्य लागतं. मनात एक आणि हातात एक असं तू केलं नाहीस. केसपेपरवरही तू तेच केलंस. दोन वाजताचं बीपी घेतलंच गेलं नव्हतं, तर तो रकाना तू रिकामा ठेवलास. वर काय काय बोलले, कोण ओरडलं, ते तू तुटक तुटक सांगितलंस, बाकी मी ओळखलं. ते पेशंट आजोबा गेल्यावर त्यांच्या मुलाच्या हातात जो कागद पडला, त्यावर निदान एका माणसाने खरं लिहिलं होतं. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत हे मला माहीत आहे, मीच भरतो. तरी सांगतो, त्या रिकाम्या रकान्याची किंमत आपण देऊ. तू त्याचा हिशेब करत बसू नकोस.

पुण्यात जवळचं चर्च, आपलं देऊळ, शोधलंस का? नाही, हे आज विचारायचं नाही असं ठरवलं होतं. राहू दे.

तुझ्या आजीचं सांगतो. तू तिला पाहिलंस ते खाटेवर, म्हणून तुला ती नुसती शांत म्हातारी वाटत असेल. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. आपल्या घरातली भांडीसुद्धा फळीवरून पडली. दिवस वर आला तसे लातूर-उस्मानाबादकडून जखमी सोलापुरात यायला लागले, ट्रकमधून, टेम्पोतून. आजी तेव्हा दवाखान्यात आया होती. मी आणि देवळाच्या तरुण संघातली पोरं स्ट्रेचर उचलायला गेलो. दगड-मातीच्या भिंती आणि वरचं माळवद, त्याखालून काढलेली माणसं. सगळ्यांच्या केसांत, नाकात, पापण्यांत माती. आजी एका ओल्या फडक्याने एका मुलीचे डोळे पुसत होती. मुलगी पाचेक वर्षांची असेल. पुन्हा पुन्हा फडकं पिळायची, पुन्हा पुसायची, आणि पाणी लालसर होत जायचं. मुलगी काही बोलत नव्हती.

त्या रात्री घरी आल्यावर आजी चुलीसमोर बसली आणि मोठ्याने प्रार्थना करायला लागली. तशी प्रार्थना मी तोपर्यंत ऐकली नव्हती. आभार नाहीत, स्तुती नाही. "त्या लेकरांनी तुझं काय केलं होतं? सांग. मला सांग." बराच वेळ तेच. अण्णा उठून तिला थांबवायला गेले, तर म्हणाली, "मी त्याच्याशी बोलायलेय, तुमच्याशी नाही." उत्तर आलं असेल असं मला वाटत नाही. निदान तिने कधी सांगितलं नाही. सकाळी साडी बदलून ती परत ड्यूटीवर गेली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली त्या भूकंपात. आजी त्यांतल्या एकीचंच नाव घ्यायची, मरेपर्यंत, रोज रात्री. तुला आठवत असेल, लहानपणी तू विचारायचीस की ही कोण आपल्या नात्यातली.

तर, देवावर राग आहे म्हणून तुझा विश्वास गेला असं मला एक क्षणही वाटलं नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी कोण भांडतं? स्तोत्र ८८ काढून वाच. बाकीची रडगाऱ्हाण्याची स्तोत्रं शेवटी वळतात, आशेच्या दोन ओळी येतात. हे वळत नाही. सुरुवातीपासून गाऱ्हाणं आणि शेवटी अंधार, तिथेच संपतं. एवढ्या शतकांत कोणी ते काढून टाकलं नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकातही असंच आहे. त्याचे मित्र देवाच्या बाजूने नीटनेटकं बोलत राहिले आणि ईयोब भांडत राहिला. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला. तू प्रार्थनेला बसशील तेव्हा चांगलं बोलायचा प्रयत्न करू नकोस. जे आहे ते सांग. ज्या सिस्टरने खोटं लिहायला सांगितलं तिचं नाव घेऊन सांग.

याकोबाच्या पत्रातलं वचन तुला कोणीतरी नक्की ऐकवलं असेल, परीक्षा आल्या तर आनंद माना. मला ते वचन कोणाच्या तोंडावर फेकलेलं आवडत नाही. लोक पहिलं वाक्य म्हणून थांबतात. पुढे वाच: विश्वासाची पारख झाली की धीर येतो, आणि त्या धीराला त्याचं काम पुरं करू द्या. म्हणजे वेळ लागणार आहे. आणि लगेच त्याखाली लिहिलंय की ज्याला शहाणपण कमी पडतंय त्याने देवाकडे मागावं, तो मागणाऱ्याला दोष न लावता देतो. दोष न लावता, बाळा. नोकरीवर सगळ्यांनी तुलाच दोष लावलाय, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. पौलाने रोमकरांना लिहिलं तेही याच क्रमाने, संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. आशा शेवटी येते. तू आत्ता पहिल्या पायरीवर आहेस आणि शेवटच्या पायरीवर नसल्याबद्दल स्वतःला

बघ, उपदेश सुरू झाला. यासाठी बसलो नव्हतो. माफ कर. तुला वचनं माझ्याइतकीच पाठ आहेत, संडे स्कूलची बक्षिसं अजून कपाटात आहेत.

माझं काम रंगाचं, तेवढं एक सांगू दे. तू सातवीत असताना सुट्टीत माझा डबा घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यायचीस, रंगखान्याच्या दारात नाकाला ओढणी लावून उभी राहायचीस. व्हॅट जातीच्या रंगांत एक पिवळा रंग आहे, तो टाकीत असतो तेव्हा निळा दिसतो. कॉस्टिक आणि हायड्रो या रसायनांच्या गरम पाण्यात सुताची लडी निळीशार. नवीन पोरगं कामाला लागलं की दर वेळी घाबरतं, मामा, रंग चुकला. चुकलेला नसतो. दांड्यावर लडी उचलून हवेवर धरायची, मग धाग्याच्या कडेकडेने पिवळं उमटायला लागतं आणि बघता बघता सगळी लडी उघडते. त्यानंतर साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढतो, तेव्हा वरवर चिकटलेलं निघून जातं आणि धाग्यात शिरलेलं तेवढं राहतं. आपली चादर वर्षानुवर्षं धुतली तरी रंग सोडत नाही तो त्यामुळे. तू आत्ता कशी दिसतेस त्याची मला भीती नाही. पण लडी टाकीतच राहिली तर रंग उघडत नाही, तिला वर आणून हवा लागू द्यावी लागते. माझी भीती तेवढीच आहे. रूमवर पडदे लावून दिवसभर झोपायचं, रात्री ड्यूटी, कोणाशी बोलायचं नाही, रविवारी कुठे जायचं नाही.

आलोच परत तिथे.

मग सांगूनच टाकतो. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, हे वचन तू त्या दिवशी आईला ऐकवलंस. बरोबर ऐकवलंस. पण त्याच वाक्यात शेवटी "मग येऊन आपलं अर्पण वाहा" असंही आहे. मग येऊन. किती दिवसांनी ते येशूने सांगितलेलं नाही. सिस्टरला आज क्षमा कर असं मी म्हणणार नाही. तुला नर्सिंग कौन्सिलकडे लिहायचं असेल तर लिही, क्षमा करणं म्हणजे झालेलं झाकणं नाही. मराठी टायपिंग मी करून देईन. पण यायची वाट बंद करू नकोस. ट्रे पुढे सरकवायचा असेल तर सरकव, फक्त त्या बाकावर येऊन बस.

उद्या आपल्याकडे येशूचा शिष्य थोमा याचा धडा आहे, ईस्टरनंतरच्या रविवारी असतो तसा. मी आठवडाभर त्याचाच विचार करतोय. बाकीच्या शिष्यांना मेलेल्यांतून उठलेला प्रभू दिसला तेव्हा थोमा तिथे नव्हता. त्यांनी सांगितलं तर तो म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. इतकं स्पष्ट बोलल्यावर माणूस परत येत नाही, किंवा त्याला कोणी येऊ देत नाही. पण आठ दिवसांनी शिष्य आत होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. विश्वास ठेवत नव्हता तरी त्या खोलीत होता. आणि येशू त्याच्यावर चिडला नाही, बोट इकडे कर म्हणाला. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत तर प्रभूनेच तिघा शिष्यांना सांगितलं होतं की माझ्याबरोबर जागे राहा. त्यालासुद्धा सोबत हवी होती. ते तिघं झोपले ही गोष्ट वेगळी.

पुण्याला जाताना दौंड गेलं की केडगाव लागतं. लहानपणी मी तुला खिडकीतून दाखवायचो, हे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. तेव्हा फक्त दुष्काळातल्या मुली आणि विधवा त्यांनी कशा सांभाळल्या एवढंच सांगायचो. तू मोठी झालीस, आता बाकीचं सांगायला हवं. त्यांचे आई-वडील दुष्काळात उपासमारीने गेले. मग भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा लेक मनोरमा तान्ही होती. इंग्लंडला डॉक्टर व्हायला गेल्या तर ऐकू कमी येत असल्यामुळे तेही राहिलं. तिथेच १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि घेतल्यावरही जे मनाला पटलं नाही ते तिथल्या मठातल्या सिस्टरांना पत्रांतून तोंडावर सांगत राहिल्या. पुष्कळांना ते उर्मटपणाचं वाटलं. पण त्या खोटं मानत नव्हत्या. आणि शेवटी, १९२१ मध्ये मनोरमाही त्यांच्या आधी गेली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करायचं काम हातात होतं, ते त्या करत राहिल्या, १९२२ मध्ये स्वतः जाईपर्यंत. मला एवढंच म्हणायचंय की त्यांच्याकडे रोज बसायला, जेवायला, भांडायला माणसं होती. हजारो मुली होत्या अवतीभवती. तू खोलीवर एकटी आहेस.

आईने आत्ता येऊन विचारलं, काय लिहायलाय एवढं. म्हटलं, हिशेब. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "तिला विचारा जेवायलीय का नीट." मग थोडं थांबून म्हणाली, "ट्रेचं काही लिहू नका." लिहून झालं होतं. तिने ते खोडलं नाही.

भाऊ बुधवारी कामासाठी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर कडक भाकरी, एक नवी चादर आणि पाच हजार रुपये पाठवतोय. परत करायचे नाहीत. तुझ्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स निळ्या ट्रंकेतून काढून ठेवल्यात, नवीन ठिकाणी अर्ज करताना लागतील. इकडे सोलापुरात बघायचं असेल तर दोन ठिकाणी मी बोलू शकतो, पण तू म्हणशील तेव्हाच. भाऊला तुझी नाइट कधी आहे ते कळव, म्हणजे तो तुला उठवणार नाही. आणि रविवारी सकाळी ड्यूटी सुटल्यावर थेट रूमवर जाण्याआधी वाटेत एखादं देऊळ असेल तर, दमलेली असशील तरी, मागच्या बाकावर पाच मिनिटं.

तुझे
पप्पा