हवेवर थंड होणाऱ्या मोटारी आणि नवे पेट्रोल

संपादक महोदय,

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचा मेळा भरला. बडोदेकरांनी त्याचे भरभरून कौतुक केले, पण तिथे झळकणाऱ्या गाड्या रस्त्यावर चालत्या ठेवणे ही वेगळी गोष्ट आहे.

फोक्सवॅगन बीटलचेच घ्या. इंजिन मागे, रेडिएटर नाही, पाण्याचा थेंब नाही. (पुढचे झाकण उघडून इंजिन शोधणारे अजूनही भेटतात!) थंड करणारा पंखा पट्ट्यावर फिरतो. तो पट्टा तुटला की गाडी तिथेच उभी करायची, ‘घरापर्यंत जाईल’ म्हणायचे नाही. ऑइल जेमतेम अडीच लिटर, आणि इंजिनाची बरीच उष्णता तेच वाहून नेते. म्हणून ते वेळेवर बदलावे आणि व्हॉल्व्हचे (इंजिनातल्या झडपांचे) अंतर तपासावे, तेही इंजिन पूर्ण गार असताना. मे महिन्यात मांडवीच्या गर्दीत रेंगाळणे तर टाळावेच, कारण इंजिन मंद झाले की पंखाही मंदावतो.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल (एक प्रकारचा अल्कोहोल) मिसळलेले पेट्रोल आले आहे. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, आणि मागे तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर आगच. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आम्ही बसवून घेऊ. पण पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरचे काय, आणि इथेनॉल ओलावा ओढत असल्याने टाकीत धरणाऱ्या गंजाचे काय? २०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. मग शहरात निदान एका पंपावर इथेनॉलविरहित पेट्रोल वाजवी दरात मिळावे, एवढीच विनंती.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे