मोठं विमान आत्ता नको

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही मोठ्या विमानावर जाणार का, असं विचारलंत, तेव्हा माझंच नक्की होत नव्हतं. आता ठरलंय. कॅप्टन होईपर्यंत मी आत्ताचं छोटं ए३२० विमान सोडणार नाही.

न्यूयॉर्कची ओढ मलाही आहे, आणि परदेशी मुक्कामाचे भत्तेही चांगले. पण मुंबईहून तिथे पोचायला पंधरा-सोळा तास लागतात. चार वैमानिक असतात, आळीपाळीने वरच्या माळ्यावरच्या बंकमध्ये झोपायचं, आणि एवढं झाल्यावर विमान उतरवणार एकच जण. म्हणजे महिन्याकाठी स्वतःच्या हातची लँडिंग अगदी मोजकी. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत, तर ती सिम्युलेटरवर जाऊन पूर्ण करावी लागतात.

इथे ए३२०वर चार सेक्टरच्या, म्हणजे चार उड्डाणांच्या, दिवशी चार वेळा उतरतो. भर पावसात विमान कॅप्टनच उतरवतात, मी शेजारी बसून उंची आणि वेगावर नजर ठेवते. पण तेच तर मला शिकायचंय. जुलैत मुंबईला उतरताना काचेवर नुसतं पाणी असतं, वायपर खाडखाड चालू, वारा आडवा. २०० फुटांपर्यंत रनवेचे दिवे दिसले नाहीत, की पुन्हा वर. दिसले, तर टेकण्याच्या अगदी आधी कॅप्टन पायाने हलकेच रडर (शेपटीवरचं सुकाणू) देऊन वाकडं नाक सरळ करतात. ते नेमकं कधी, हे पुस्तकात वाचून कळत नाही. पुन्हा पुन्हा बघावं लागतं. मला कॅप्टनच्या त्या डाव्या खुर्चीत बसायचंय, आणि बसेन तेव्हा हात तयार हवा.

आई, झोपेचं म्हणशील तर इथेही सुख नाही. पहाटे तीनला गाडी दारात येते, जेवण दोन फ्लाइटच्या मधल्या अर्ध्या तासात. पण रात्र इथल्याच वेळेची असते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. तिकडून परतलेली माझी मैत्रीण दोन-दोन दिवस भर दुपारी पेंगत असते. शिवाय आता आठवड्याची सलग सुट्टी ३६ ऐवजी ४८ तासांची झालीय, त्यात सांगलीला येऊन जाता येतं. बाबांची अँजिओग्राफी झाल्यापासून हे माझ्यासाठी फार मोठं आहे, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आत्या अमेरिकेचं विचारेल. तिला तुम्हीच समजावून सांगा. ऑफिसला मी उद्या कळवते. पुढचा रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) आला की येण्याची तारीख सांगते.

तुमची,
सई