आता बोलायची पाळी त्याची

प्रेस्टन, इंग्लंड

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

आई, सोमवारी व्हिडिओ कॉलवर तू सारखी विचारत होतीस, हा नवा मुलगा कोण, कुठला, नीट जेवतो का. मी हो-हो करून वेळ मारून नेली, कारण तो समोरच बसला होता. त्याला न कळणाऱ्या भाषेत त्याच्याबद्दल बोलणं मला बरं वाटेना. उठून बाहेर जाणंही शक्य नव्हतं. आम्हा मिशनरी जोडीदारांनी सतत एकमेकांना दिसेल, ऐकू येईल इतक्याच अंतरावर राहायचं, असा नियम आहे. अंघोळीपुरता काय तो एकांत. आणि बाबा, तुम्ही कॉलवर मागच्या खुर्चीत पेपर उघडून बसता, पुढे येत नाही. म्हणून हे पत्र दोघांना मिळून लिहितोय.

मुलगा अठरा वर्षांचा आहे, अमेरिकेतल्या आयडाहोचा. घरी दुभत्या गायींचा मोठा गोठा. मला त्याचा ट्रेनर नेमलं आहे. नव्या मिशनरीचे पहिले 12 आठवडे ट्रेनरच्या हाताखाली जातात. त्यानंतर तो स्वतःच्या पायावर उभा आहे असं धरतात आणि मिशन अध्यक्ष पाठवतील तिथे, देतील त्या जोडीदाराबरोबर त्याला जावं लागतं. म्हणजे या काळात तो काय शिकला, काय नाही, ते बऱ्याच अंशी माझ्यावर आहे.

साडेसहाला उठतो. त्याचा त्याला काहीच त्रास नाही, घरी तो पहाटे चारला धारा काढायला उठायचा. मग व्यायाम, न्याहारी, ज्याचा त्याचा शास्त्राचा अभ्यास आणि नंतर दोघांचा एकत्र अभ्यास. त्यात सरावासाठी मी घरमालक बनतो आणि तो स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभा राहून ओळख करून देतो. मी कधी घाईत असतो, कधी चिडलेला, कधी नुकतीच बायको गेलेला. त्यानंतर पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी आणि बाहेर. रात्री नऊपर्यंत परत, उद्याचं ठरवायचं, साडेदहाला दिवा बंद. सोमवारी कपडे धुणं, बाजारहाट आणि तुमचा फोन.

जेवणाचं म्हणशील तर पहिल्या आठवड्यात तो नुसतं दूध आणि कॉर्नफ्लेक्स खायचा. आता माझ्या हातचं पिठलं-भात मागून घेतो. इथे बटर पाय म्हणून एक पदार्थ मिळतो, आत बटाटा, कांदा आणि लोणी. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिक लोकांनी तो रुजवला म्हणतात. पावसात भिजून आल्यावर गरम गरम खावा. वर तू दिलेला गोडा मसाला भुरभुरवला तर तुलाही आवडेल.

अडचण वेगळीच आहे. हा मुलगा बोलत नाही. अभ्यासाच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी तो छान बोलतो. खऱ्या दारासमोर उभा राहिला की कान लाल होतात, नजर पायपुसण्यावर, आणि शब्द फुटत नाही. इथली माणसं तुटक वागत नाहीत. "नको, थँक यू" म्हणतात आणि हळू दार लावतात. पण त्याला तेवढंही लागतं. रात्री तोंड भिंतीकडे करून पडतो. झोपलेला नाही हे मला कळत असतं.

अशा वेळी पुढे होऊन आपणच बोलून टाकावं असा मोह होतो. मला बोलता येतं, दारही उघडं राहतं. पण मी बोललो की तो आणखी एक पाऊल मागे सरकतो. बाबा, तेव्हा मला तुमचा वर्ग आठवतो. अडलेल्या मुलाला फळ्यापाशी उभं करून तुम्ही हातातला खडू टेबलावर ठेवायचात आणि खिडकीबाहेर बघत राहायचात. पुढच्या बाकावरची पोरं हात वर करून कासावीस व्हायची, मीही त्यातलाच, पण तुम्ही कुणाकडे बघायचा नाहीत. वर्ग ताटकळला तरी चालेल, उत्तर त्यानेच द्यायचं. तेव्हा मला वाटायचं, तुम्ही उगाच वेळ घालवता. आता दारोदार तेच करतोय, आणि ते किती अवघड आहे हे अंगावर आल्यावर समजतंय.

मागच्या आठवड्यात एका आजीबाईंच्या परसातलं काम अंगावर घेतलं. अशी मदत आम्ही दर आठवड्याला कुणाकुणाची करतो, त्यात धर्माचं काही बोललंच पाहिजे असं नाही. त्यांचं फाटक बिजागरीतून निखळलं होतं आणि कुंपणावर काटेरी झुडूप माजलं होतं. हातात हत्यार आल्याबरोबर हा मुलगा बदलला. गुडघ्यावर बसून त्याने गंजलेले स्क्रू काढले, फाटक खांद्याने उचलून धरलं आणि मला म्हणाला, खालून पाचर लाव. आजीबाई बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या ब्लॅकपूलच्या बाजूच्या गोठ्यात वाढलेल्या निघाल्या. मग काय, गाय अडली तर वासराचे पाय कसे ओढायचे, दोर कुठे बांधायचा, यावर दोघांचं असं जमलं की मला मध्ये शिरायला जागा नव्हती. मध्येच त्या म्हणाल्या, "तुम्ही पोरं घरदार सोडून आलात, ते नेमकं काय सांगायला?"

माझ्या ओठावर उत्तर तयार होतं. मी झुडपाकडे वळलो आणि काटे तोडत राहिलो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि सांगितलं की धाकटी बहीण वारली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, ती पुन्हा भेटेल असा त्याचा विश्वास आहे, आणि तो विश्वास कुठून आला ते सांगायला तो आला आहे. एवढंच. मॉर्मनचं पुस्तक, म्हणजे आमचं बायबलच्या जोडीचं शास्त्र, त्याने पिशवीतून काढलंसुद्धा नाही. आजीबाईंचे डोळे भरले होते. त्यांनी आम्हाला शनिवारी मागचं कुंपण बघायला बोलावलंय. त्या आमच्या चर्चच्या मंडळीत येतील की नाही देव जाणे, पण कुंपण आम्ही नीट करून देणार.

बहिणीचं मला माहीत नव्हतं. चोवीस तास बरोबर राहूनही.

त्या संध्याकाळी त्याला रिबल नदीवर घेऊन गेलो. बाबा, हे तुमच्यासाठी. आमच्या मंडळीचे पहिले मिशनरी समुद्र ओलांडून 1837 च्या जुलैमध्ये याच गावात आले. त्यांचा पुढारी हिबर किंबल, धंद्याने कुंभार. फारसं शिक्षण नाही, आणि आपल्याला नीट बोलता येत नाही असं तो स्वतःच समजायचा. 30 जुलैला या नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. पहिला मान कुणाचा यासाठी दोघे काठापर्यंत धावत सुटले आणि जॉर्ज वॉट नावाचा तरुण जिंकला. पुढच्या काही महिन्यांत आसपासच्या गावांतून 1,500 च्या आसपास लोक आले. कुंभाराची हकीकत सांगितल्यावर माझा जोडीदार पाण्याकडे बघत म्हणाला, "त्यालाही घाबरायला व्हायचं?"

आणि मला नगर आठवत होतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला 1831 मध्ये आले, म्हणजे इथल्यापेक्षा सहा वर्षं आधी. त्यांच्याच शाळेत पणजोबा अक्षरं शिकले आणि त्यांच्याच मंडळीत आपलं घर आजवर राहिलं. ती मंडळी सोडून मी दुसरीकडे गेलो याचं तुम्हाला वाईट वाटतं, ते मला कळतं. तुमचं मन वळवायला मी हे लिहीत नाही. एवढंच सांगतो, की शास्त्र उघडायच्या आधी हात धुवायचे, परक्याच्या घरात गेल्यावर आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करायची, हे मी तुमच्याकडून घेऊन आलो आणि आता या आयडाहोच्या पोराला देतोय.

इथे गुजराती वस्ती मोठी आहे. एक काका तरुणपणी कापड गिरणीत कामाला आले ते इथलेच झाले. चहा आम्ही घेत नाही म्हटल्यावर त्यांनी वेलची घालून दूध गरम केलं. म्हणाले, "बेटा, आमचा देव आमच्यापाशी आहे, पण तुम्ही येत जा." बाहेर आल्यावर जोडीदाराने विचारलं, आपण त्यांना काहीच का नाही शिकवलं? मी म्हटलं, त्यांनी आपल्याला उत्तर दिलं की. आता जाऊ ते त्यांना भेटायला.

बाबा, एक विचारायचंय. मुलगा फळ्यापाशी उभा आहे आणि उत्तर येतच नाही, असं झालं तर तुम्ही कुठवर थांबायचात? शेवटी स्वतः सांगून टाकायचात, की दुसरा प्रश्न द्यायचात? सविस्तर लिहा, मला रोज लागणार आहे. आणि रक्तदाबाची गोळी सकाळचीच ठेवा, डॉक्टरांना न विचारता वेळ बदलू नका.

आई, मसाला पोस्टाने पाठवू नकोस, फार पैसे जातात. त्यापेक्षा गुडघ्याचा एक्स-रे काढून घे. जिना दिवसातून एकदाच चढायचा, धुणं खालीच वाळत घालायचं. कॉलवर विचारणार आहे.

तुमचा,
सनी