पुरेशा पेशी मिळेपर्यंत थांबलेल्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीच्या स्तनातील गाठीची सुईने तपासणी आपण धंतोलीत केलीत, त्याबद्दल आभार मानणारे हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण आम्हाला जे समजावलेत ते इतर घरांतही पोहोचायला हवे.

आधीच्या ठिकाणचा तिचा अहवाल ‘नमुना अपुरा’ असा होता आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘काही निघाले नाही’ असा लावून पेढेसुद्धा आणले होते. अपुरा नमुना म्हणजे गाठ साधी असल्याचा निर्वाळा नव्हे. पेशीच हाती न आल्यामुळे त्या गाठीविषयी काहीच म्हणता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्तनातील पेशींचे अहवाल ज्या योकोहामा पद्धतीने लिहितात, तिच्या 5 गटांत ‘अपुरा’ हा गट ‘सौम्य’पासून, म्हणजे कर्करोग नसलेल्या गटापासून, वेगळा का ठेवला आहे, ते आपल्यामुळे कळले.

मग भूल न देता, बारीक सुई गाठीत निरनिराळ्या दिशांनी फिरवून आपण पेशी काढल्या, काही स्लाइड अल्कोहोलमध्ये बुडवल्या, काही हवेत वाळवल्या, आणि एक तिथेच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय बहिणीला टेबलावरून उतरू दिले नाही. (बाहेर आमच्या जिवाची काय घालमेल चालली होती, ते असो.) सुई लागली की रोग पसरतो, ही आमच्या आत्याची भीतीही आपण हसण्यावारी नेली नाहीत, त्या भीतीपायी निदान लांबवणे अधिक घातक, हे तिला शांतपणे पटवलेत.

अहवाल फायब्रोअडेनोमाचा, म्हणजे कर्करोग नसलेल्या साध्या गाठीचा आला, तरी केवळ त्या कागदावर विसंबू नका, असे आपणच बजावलेत. हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी आणि पेशींचा अहवाल हे तिन्ही जुळले तरच निश्चिंत व्हावे आणि एकही विसंगत असेल तर जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करावी. शिवाय कर्करोग निघालाच, तर तो दुग्धनलिकेपुरता आहे की बाहेर गेला आहे, हे सुट्या पेशींवरून ठरवता येत नाही, हेही आपण न विचारता सांगितलेत. स्वतःच्या तपासणीची मर्यादा रुग्णापुढे इतक्या मोकळेपणाने मांडणारे डॉक्टर मला तरी फारसे भेटलेले नाहीत.

बहिणीचे तिन्ही निष्कर्ष जुळले. सर्जनांनी सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितली आहे. तो अहवाल घेऊन आम्ही आपल्याकडे येऊच, आणि आत्याही स्वतःची तपासणी करून घ्यायला सोबत येणार आहे.

आपली कृतज्ञ,
रुग्णाची थोरली बहीण, नागपूर