अतिशीत तापमान रसायनशास्त्राचेही

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील निरपेक्ष शून्यावरचा (उणे २७३ अंश सेल्सियस, म्हणजेच शून्य केल्विन; तापमानाची सर्वांत खालची मर्यादा) लेख वाचनीय आहे. मात्र एक केल्विनखालच्या तापमानाचे सारे श्रेय भौतिकशास्त्राला देताना त्यात विल्यम जिओक यांचा नामोल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.

जिओक अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ. १९४९ चे नोबेलही त्यांना रसायनशास्त्राचेच मिळाले. १९३३ मध्ये मॅकडूगल यांच्यासह त्यांनी गॅडोलिनियम सल्फेटचा क्षार द्रव हेलियमने दीड केल्विनपर्यंत थंड करून सुमारे ८,००० गाउसच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवला, निघालेली उष्णता हेलियममध्ये जिरू दिली आणि मग क्षाराचा बाहेरचा संपर्क तोडून क्षेत्र काढून घेतले. एका दिशेने उभे राहिलेले आयनांचे चुंबक विस्कटताना लागणारी उष्णता क्षारातूनच ओढली गेली आणि तापमान ०.२५ केल्विनवर आले. कुंभार गल्लीतला माठ पाणी गार करतो, त्याच जातीचा हा हिशेब. (वर्गात एन्ट्रॉपी, म्हणजे पदार्थातील अव्यवस्थेचे माप, समजावताना सूत्रापेक्षा हा माठच माझ्या अधिक उपयोगी पडला.)

शिवाय थंडी हे जिओक यांचे साध्य नव्हतेच. निरपेक्ष शून्याला निर्दोष स्फटिकाची एन्ट्रॉपी शून्य होते, हा ऊष्मागतिकीचा तिसरा नियम पारखायचा, तर उष्णताधारकतेची (तापमान एका अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेची) मोजमापे शक्य तितकी खाली नेणे भाग होते. त्याच चिकाटीतून १९३६ मध्ये स्टाउट यांच्यासह त्यांनी बर्फात मागे उरणारी एन्ट्रॉपी मोजून दाखवली. लेखमालेच्या पुढील भागात या कामाला जागा मिळावी, ही विनंती.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर