‘आता बरा झालास ना?’

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘आता पूर्ण बरा झालास ना?’ या तुझ्या प्रश्नाला नुसते ‘हो’ म्हणून मोकळे व्हावे असे क्षणभर वाटले. पण निदान तुझ्याशी तरी खरे बोलावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. भाजल्याला दीड वर्ष झाले, जखमा भरल्या, त्वचारोपणही टिकले, आणि नेमकी तेव्हापासूनच लोकांची चौकशी थांबली.

शरीराला सर्वांत जास्त छळते ती खाज. अंथरुणाला पाठ टेकली की व्रणाच्या आत, जिथे बोट पोहोचत नाही तिथे, मुंग्या धावू लागतात. नख लावले तर नवी नाजूक कातडी सोलवटते, म्हणून मी अंधारात तळहाताने हात थापटत बसतो. ही खाज बरीचशी दुखावलेल्या मज्जातंतूंमधून येते. ॲलर्जीच्या गोळ्यांनी ती हटली नाही, तेव्हा डॉक्टरांनी गॅबापेंटिन हे मज्जातंतूंना शांत करणारे औषध सुरू केले. खोल भाजल्यावर घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथीही नष्ट होतात. त्यामुळे उकाड्यात सारे अंग निथळत असताना भाजलेला डावा हात मात्र कोरडा ठणठणीत राहतो. व्रण जाड होऊ नये म्हणून दिवसाचे २३ तास घट्ट दाबाची बाही घालायची असते. कोपर वाकवून ठेवला की आराम वाटतो, पण आकसणारा व्रण सांध्याला त्याच स्थितीत जखडू पाहतो, म्हणून आराम वाटणारी स्थितीच टाळायची, असा हा उफराटा व्यवहार आहे.

मनाचे सांगणे अधिक अवघड. शेगडी पेटवतानाचा ‘टक्’ असा आवाज ऐकला की माझा हात आपोआप मागे येतो. झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिडीने खाज अधिक जाणवते, आणि खाजेने पुन्हा झोप नाही. समुपदेशकाकडे जायला मी सहा महिने उशीर केला. ड्रेसिंग बदलताना मनाचीही विचारपूस कोणी केली असती, तर कदाचित इतका वेळ गेला नसता.

समोरच्याची नजर मानेवरच्या व्रणावर पडते आणि दचकून बाजूला होते, त्याचा मनाला सर्वाधिक त्रास होतो. तू येशील तेव्हा सरळ बघ. सकाळी ती बाही एकट्याने चढवताना माझी फार ओढाताण होते. तू असेपर्यंत ते काम तुझ्याकडे.

तुझाच,
जुना सोबती